पैसे काकींचे, व्याज सरांचं

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, सावंतवाडीतले एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची बायको माझ्याकडे आले. लोकांची आयकराची कामं करणं हा माझा धंदा. त्यामुळे एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर आंब्यांच्या पेट्या कमी आणि बँकांचे फॉर्म जास्त असतात. सरांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतले वीस लाख काकींच्या नावावर सात टक्क्यांनी ठेवले होते. वर्षाचं व्याज एक लाख चाळीस हजार. काकींना दुसरं उत्पन्न नाही, वय सत्तावन्न. तेव्हा टीडीएस, म्हणजे व्याजातून बँक आधीच कापून घेते तो कर, कापू नका असं बँकेला लिहून द्यायचं, एवढंच काम. त्यासाठीचा फॉर्म १५-जी काकींच्या हातात होता आणि काउंटरवरच्या मुलीने पेन्सिलीने तीन फुल्या मारून दिल्या होत्या. इथे, इथे आणि इथे सही.

काकी सही करणार, एवढ्यात मी फॉर्म मागून घेतला. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक घोषणा होती, ती त्यांना मराठीत सांगितली. या फॉर्ममधलं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६० ते ६४ नुसार दुसऱ्या कुणाच्याही उत्पन्नात धरलं जाणारं नाही, असं सही करणारा लिहून देतो. खोटं लिहून दिलं तर कलम २७७, म्हणजे खटला आणि कैद.

"मग आमचं कुणाच्या उत्पन्नात धरतात?" काकींनी विचारलं.

"सरांच्या."

"म्हणजे पैसे माझ्या नावार आणि व्याज ह्यांचा?"

बरोबर तेच. दर एप्रिलमध्ये अशा किती बायका पेन्सिलीच्या फुलीवर सही करून मोकळ्या होतात, देव जाणे. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात कधी कुणाचे चार आणे बुडवलेले नसतात. हिशेब सरांचा होता, तो असा. पेन्शन, दोन गाळ्यांचं भाडं आणि स्वतःच्या ठेवी मिळून, वजावटी जाऊन, त्यांचं उत्पन्न साडेअकरा लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्यावर आणलेला, त्यामुळे सर खुशीत होते. काकींचं व्याज मिळवलं की उत्पन्न बारा लाख नव्वद हजार होतं. कर त्र्याहत्तर हजार पाचशे, वर चार टक्के उपकर, एकूण ७६,४४० रुपये. एक लाख चाळीस हजारांचं व्याज, त्यातलं निम्म्याहून जास्त सरकारजमा, आणि तेही ज्याच्या हाती ते व्याज पडलं नाही त्याच्या खिशातून.

या तरतुदीला आमच्या धंद्यात क्लबिंग म्हणतात. तिचा तर्क मी लोकांना परड्यातल्या झाडाच्या दाखल्याने समजावतो. झाड स्वतःचंच ठेवून नुसती फळं दुसऱ्याला दिली तर त्या फळांवरचा कर तुमचाच, असं कलम ६० म्हणतं. हे कुणालाही पटेल. दिलेलं झाड हवं तेव्हा परत घ्यायची सोय ठेवली असेल तरी कर तुमचाच, असं कलम ६१. हेही पटेल. कलम ६४ मात्र आणखी पुढे जातं. झाड मुळासकट काढून कायमचं दिलंत, तरी ते बायकोच्या परड्यात लावलं असेल तर फळं तुमची. भावाच्या, बहिणीच्या, आईच्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलीच्या परड्यात लावलंत तर फळं त्यांची. देणगीवर कर नाही. बक्षीस कर १९९८ च्या ऑक्टोबरपासून गेलाच आहे आणि नातेवाइकांकडून आलेल्या रकमेवर घेणाऱ्यालाही कर नाही. झाड द्यायला कायद्याची काहीच हरकत नाही. प्रश्न फळांचा आहे.

त्यात एक गमतीची खाच आहे. फळातल्या बीपासून पुढे जे झाड येईल, त्याची फळं मात्र बायकोची. म्हणजे दिलेल्या पैशांवरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात, पण ते व्याज तिने गुंतवलं तर त्यावरचं व्याज तिच्या उत्पन्नात. पैशाचं पोर नवऱ्याच्या नावावर, नातवंड बायकोच्या. ही गोष्ट ठाऊक असलेलं माणूस मला क्वचितच भेटतं.

हे सगळं आलं कुठून? १९२२ च्या आयकर कायद्यात मुळात असं कलम नव्हतं. १९३६ च्या चौकशी समितीला दिसलं की लोक बायकोला आणि पाळण्यातल्या मुलांना भागीदार दाखवून एकाचं उत्पन्न चार ठिकाणी वाटतायत, आणि १९३७ मध्ये दुरुस्ती करून ते एकत्र धरायची तरतूद आली. तिला मोठं आव्हान मिळालं ते आपल्या अकोल्याहून. एका व्यापाऱ्याने बायकोबरोबर भागीदारी केली होती आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांना नफ्यात वाटेकरी केलं होतं. अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याने सगळ्यांचे हिस्से त्याच्या उत्पन्नात मिळवले. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एकाच्या उत्पन्नावर दुसऱ्याला कर लावता येत नाही, हा त्याचा मुद्दा. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कर लावण्याच्या अधिकारातच कर चुकवण्याच्या वाटा बुजवण्याचा अधिकार येतो, असा निकालाचा रोख होता.

मला तो निकाल पटतो, हे आधीच सांगून टाकतो. मी या धंद्यात आहे. लोक काय काय करतात ते मी पाहतो. गाळा बायकोच्या नावावर, भाडं नवऱ्याच्या खिशात, आणि बायकोला गाळ्याचा नंबरसुद्धा माहीत नाही. एका गृहस्थाने तर बायकोच्या नावावर फर्म काढून तिच्या सह्यांचं कोरं चेकबुक माझ्याच कपाटात ठेवायला आणलं होतं. तिला कशाला त्रास, म्हणाला. अशा ठिकाणी कायद्याने डोळे मिटून घ्यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कागदी वाटणी पकडायला टाकलेल्या जाळ्यात खरी वाटणीही सापडते, आणि त्या खऱ्या वाटणीत बायकोने काय दिलं हे कायदा विचारतच नाही.

कायदा विचारतो ते एवढंच, की "पुरेसा मोबदला" मिळाला का? नवऱ्याने बायकोला मालमत्ता दिली आणि बायकोने तिची योग्य किंमत मोजली, तर क्लबिंग नाही. नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा हा मोबदला नव्हे का, असा प्रश्न मुंबईच्या एका उद्योगपतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालय म्हणालं, प्रेम हा चांगला मोबदला असेल, पण पुरेसा नव्हे. पुरेसा म्हणजे पैशांत मोजता येणारा. ठीक आहे. प्रेमावर करसवलत मागायला मीही जाणार नाही. पण त्याच वाक्यात कलमाने एक अपवाद ठेवलाय, तो वाचून मी दर वेळी थबकतो. नवरा-बायकोने वेगळं राहायचा करार केला आणि त्यापायी नवऱ्याने तिला मालमत्ता दिली, तर तिचं उत्पन्न तिचं. संसार मोडताना दिलं तर तिचं, संसार चालू असताना दिलं तर त्याचं. मोडलेल्या संसारात बायकोचा हक्क असतो हे कायद्याला कळतं, म्हणूनच तो अपवाद आहे. मग चालू संसारात तो हक्क कुठे जातो?

काकींचंच घ्या. सरांचा पगार बरा होता, पण नोकरीची पहिली काही वर्षं विनाअनुदानित होती, तेव्हा पगार तीन-तीन महिने मिळत नसे. त्या दिवसांत काकींनी रातांबे फोडून सोलं वाळवली, आगळ काढलं, काजूगर सोलून विकले, उन्हाळ्यात कुळथाचं पीठ आणि फणसाचे सांदण करून मुंबईकरांना दिलं. त्या पैशांत किराणा, दूध, पोरांच्या वह्या, सासूचं औषध. अनुदान आल्यावरही ते थांबलं नाही, सवयच झाली होती. घर काकींच्या सुट्या पैशांवर चालायचं म्हणून सरांचा पगार बँकेत शिल्लक राहायचा. पासबुकात नाव सरांचं. त्या वीस लाखांत काकींचे किती, हे सांगायला एकही चिठ्ठी नाही. कुणी ठेवणार? बायकोने नवऱ्याला दिलेल्या कोकमाच्या पैशांची पावती?

बहुतेक मराठी घरांत हे असंच चालतं. दोघं कमावत असतील तर बायकोचा पगार वाण्याकडे, गॅसला, शाळेच्या फीला जातो आणि नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता. दहा वर्षांनी तिच्याकडे काय उरतं? बिलं. त्याच्याकडे फ्लॅट. आम्ही सल्लागार जोडप्यांना पहिला सल्ला याच्या उलट देतो, की खर्च नवऱ्याने करावा, बचत बायकोने. मग क्लबिंगचा प्रश्नच येत नाही. सल्ला फुकट जातो. पुरुष ऐकून घेतात, मान डोलावतात आणि हप्ता स्वतःच्याच खात्यातून लावतात.

न्यायालयांना हे अगदीच दिसलेलं नाही असं नाही. १९५६ साली नागपूर उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की नवऱ्याने बायकोला तिच्या कपड्यालत्त्याला, वरखर्चाला दिलेला पैसा म्हणजे मालमत्तेचं हस्तांतर नव्हे; त्यातून वाचवून तिने काही केलं तर ते तिचं. २०२१ मध्ये आग्र्याच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने नोटाबंदीच्या वेळी गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेकडे संशयाने पाहायला नकार दिला. अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाची किंमत धरायला सर्वोच्च न्यायालय सांगतं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचा वाटा मान्य केला. म्हणजे गाडीखाली मेली तर तिच्या कामाला किंमत, मालमत्तेच्या दाव्यात किंमत, डब्यात साठवलेल्या नोटांपुरती किंमत. आयकराच्या रिटर्नमध्ये मात्र शून्य. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात रोजचा वेळ निघाला २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७. मोजणारं सरकार एकच आहे.

घराबाहेर पडून नवऱ्याच्या धंद्यात हात लावला तरी सुटका नाही. नवऱ्याचा ज्या व्यवसायात भरीव हिस्सा आहे तिथून बायकोला पगार मिळाला, तर तोही नवऱ्याच्या उत्पन्नात. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या पात्रतेचाच असेल तरच सूट. नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरांचं प्रकरण आलं होतं. बायको दवाखान्यात रिसेप्शन आणि हिशेब बघायची. तिचा पगार डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरला गेला, कारण तिच्याकडे तशी पात्रता नव्हती. पात्रता म्हणजे पदवीच पाहिजे असं नाही, हे न्यायालयं सांगत आली आहेत, पण ती सिद्ध करायची कुणी आणि कशी? हेच काम शेजारच्या मुलीने केलं असतं तर तिच्याकडे कुणी पात्रता मागितली नसती. तिथे फक्त एकच प्रश्न असता, काम केलं का?

आता माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर काय चालतं ते बघा. बांदा सोडलं की पत्रादेवीचा नाका, आणि पलीकडे गोवा. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू आहे. ती ज्यांना लागू आहे त्यांच्यात लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक होते. आपल्याच केंद्रीय आयकर कायद्याने हे मान्य केलंय. १९९४ मध्ये कलम ५-अ घातलं आणि ते थेट १९६३ पासून लागू केलं. या जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा, निम्मं नवऱ्याच्या रिटर्नमध्ये आणि निम्मं बायकोच्या. पगार ज्याचा त्याचा. बांद्यातल्या माणसाने बायकोच्या नावावर गाळा केला तर सगळं भाडं त्याचं. पलीकडे गोव्यात, पेडण्यातल्या माणसाने गाळा स्वतःच्या नावावर ठेवला तरी निम्मं भाडं तिचं. दोघं एकाच नदीचे मासे खातात. आणि गोव्याच्या या पद्धतीने देशाची तिजोरी रिकामी झाल्याचं काही कुणी ओरडलेलं नाही.

कुटुंब म्हणजे काय, याबद्दल सरकारचं मत सोयीप्रमाणे फिरतं, हा माझा यातला सगळ्यात जुना राग आहे. 'लाडकी बहीण'चे पंधराशे द्यायचे असतील तर बाईचं एकटीचं उत्पन्न बघत नाहीत. कुटुंबाचं अडीच लाखांच्या आत पाहिजे आणि घरात कुणी आयकर भरणारा नको. तिथे कुटुंब एक. कर लावताना मात्र प्रत्येक माणूस वेगळा. दोघांची मिळून काही सवलत मागायला गेलात तर आपल्याकडे कुटुंब हे करदाता नाही, असं उत्तर. आणि वेगळं म्हणून बायकोला काही द्यायला गेलात तर पुन्हा कुटुंब एक. याला हिंदू अविभक्त कुटुंबाचा एकच सन्माननीय अपवाद. त्याला स्वतःचं पॅन आहे, स्वतःची चार लाखांची मूळ सूट आहे. आजोबांपासून चालत आलेलं घराणं करदाता होऊ शकतं; त्याच घरातल्या चुलीपुढची दोन माणसं होऊ शकत नाहीत. आणि ती सोय मुसलमान, ख्रिस्ती, पारशी घरांना नाही, हे वेगळंच.

महाराष्ट्र सरकारचा हात तर दुसरीच दिशा दाखवतो. १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस द्यायची तर मुद्रांक दोनशे रुपये. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणाऱ्या कुठल्याही दस्तलेखकाला विचारा, एका टक्क्यासाठी किती नवरे ऐन वेळी खरेदीखतातलं नाव बदलतात ते. राज्य म्हणतं तिच्या नावावर करा, बक्षिसी घ्या. केंद्र म्हणतं केलंत तरी आम्ही तिला मालक मानणार नाही. त्या घराचं भाडं आलं तर मालक तुम्हीच. आणखी जुनी आठवण काढायची तर शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती. १९९० च्या आगेमागे शरद जोशींच्या शब्दावर शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचे तुकडे केले, बायकोचं देणं फेडतोय असं म्हणून. देणं, दान नव्हे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे कलम ६४ ची झळ त्यांना लागली नाही. पण आयकराच्या भाषेत तेही "मोबदल्याशिवाय हस्तांतर"च.

सुनेचं प्रकरण थोडक्यात. सासूने किंवा सासऱ्याने सुनेला काही दिलं, तर १ जून १९७३ पासून त्याचंही उत्पन्न देणाऱ्याचं. जावयाला दिलं तर जावयाचं. जावई दहावा ग्रह म्हणतात, तो आयकराच्या पत्रिकेतसुद्धा वेगळ्याच घरात बसलाय. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. भाषा सोपी झाली, कलमांचे आकडे बदलले (मी इथे सांगतोय ते जुन्या कायद्यातले), "करवर्ष" आलं. सून आपल्या जागी आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र मी सरकारच्या बाजूचा. अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापांपैकी जास्त उत्पन्न असणाऱ्याच्या खात्यात धरायचं, हे १९९२ च्या अर्थसंकल्पाने आणलं आणि ते योग्यच होतं. सहा महिन्यांच्या बाळाला शेअरबाजारात स्वतःचं मत नसतं. मुलाने अंगच्या कलेने किंवा कष्टाने कमावलं तर ते त्याचं, आणि अपंग मुलाचं उत्पन्नही यातून वगळलंय. कुरबुर दोन ठिकाणी. टीव्हीवर गाणाऱ्या मुलीचं मानधन तिचं, पण त्या मानधनाच्या एफडीचं व्याज बापाचं. हे एक वेळ हसून सोडता येईल. पण बाप अपघातात गेला, न्यायाधिकरणाने मुलाच्या नावावर भरपाई बँकेत ठेवायला लावली, तर तिचं व्याज विधवा आईच्या पगारात मिळवायचं, याला कलमाच्या शब्दांत अपवाद नाही. हे हसण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे दर मुलामागे दीड हजारांची सूट. ती ठरली तेव्हा मूळ करमुक्त मर्यादा २८,००० रुपये होती. आज नव्या प्रणालीत ती चार लाख आहे. त्याच प्रमाणात वाढवली तर दीड हजारांचे एकवीस हजार व्हायला हवेत. वाढवणं राहिलं बाजूला, नवी प्रणाली घेतली की दीड हजारही मिळत नाहीत.

मग काय करावं? चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सुचवलं होतं, की नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरायचा पर्याय द्यावा. मध्यमवर्गात त्याचं स्वागत झालं, आणि का ते आकडाच सांगतो. दोघं बारा-बारा लाख कमावत असतील तर त्या घराला कर शून्य. एकटा चोवीस लाख कमावत असेल तर तीन लाख, उपकर धरून ३,१२,०००. घरात येणारा पैसा तेवढाच. तरीही मला हा उपाय पटत नाही. पहिलं म्हणजे दोघं कमावत्या घरात पाळणाघर, दोन वेळचा प्रवास, कामवाली, डबा हे सगळं पैसे मोजून घ्यावं लागतं. एकाच्या घरात ते बायको करते. दोन्ही घरांची ऐपत सारखी नाही. दुसरं, जर्मनीत १९५७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने जोडप्यांची उत्पन्नं सक्तीने एकत्र धरून जास्त कर लावणं रद्द केलं आणि १९५८ पासून उत्पन्न दोघांत निम्मंनिम्मं धरायची पद्धत आली. तेव्हापासून तिथे वाद चालू आहे, कारण बायको नोकरीला लागली की तिच्या पहिल्याच रुपयावर नवऱ्याच्या वरच्या दराने कर पडतो आणि घरात राहिलेलंच परवडतं. इंग्लंडने उलट १९९० मध्ये बायकोला नवऱ्याच्या रिटर्नमधून बाहेर काढलं. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कारण. एकत्र रिटर्नमध्ये तिचं नाव फॉर्मवर येतं, पैशांवर येत नाही. चोवीस लाखवाल्याचे तीन लाख वाचतील आणि ते त्याच्याच खात्यात राहतील.

माझी मागणी लहान आहे. ज्या बाईला स्वतःचं उत्पन्न नाही तिचीही चार लाखांची मूळ सूट असते. दर वर्षी ती वाया जाते. नवऱ्याने खरोखर तिच्या नावावर केलेल्या ठेवीचं, गाळ्याचं, शेअर्सचं उत्पन्न त्या चार लाखांपर्यंत तिचंच धरा. पगाराला हात लावू नका, गोव्यानेही लावलेला नाही. बारा लाखांपर्यंतची माफी यात आणू नका, नाहीतर कोट्यधीशांची चंगळ होईल. चार लाखांच्या वरचं आजच्यासारखंच नवऱ्याच्या उत्पन्नात धरा. मोठ्या उत्पन्नावरचा सरचार्ज सोडला तर तीस टक्केवाल्याचाही यात जास्तीत जास्त १,२४,८०० रुपये कर वाचेल, त्याहून एक पैसा नाही. अट एकच, मूळ रक्कम पाच वर्षं तिच्या एकटीच्या खात्यात राहिली पाहिजे आणि फिरून नवऱ्याकडे आलेली नसली पाहिजे. आली तर पाचही वर्षांचा कर व्याजासकट. आज बहुतेक ठेवी आणि मोठे व्यवहार पॅनला जोडलेले आहेत. १९३६ साली अधिकाऱ्याला जे कळायला सहा महिने लागत ते आज दोन बटणं दाबून दिसतं. घरात बसणाऱ्या बाईकडे पैसा आला कुठून, असं म्हणून सगळ्याच बायकांना संशयितांच्या रांगेत उभं करायची आता गरज उरलेली नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक, हे नावापुरतंच राहील. गावाला सरपंचबाई आणि कारभार सरपंचपतीचा, तसं. राहील, काही घरांत नक्की राहील. माझ्या कपाटातलं ते चेकबुक मी विसरलेलो नाही. पण नाव ही बाईच्या बाबतीत लहान गोष्ट नाही. नवरा गेल्यावर दीर दारात उभे राहतात तेव्हा, किंवा नवऱ्याने दुसरा घरोबा केला तेव्हा, पावतीवर कुणाचं नाव आहे एवढंच विचारलं जातं. तेव्हा नावापुरतं असलेलं नावच कामाला येतं. दुसरा आक्षेप असा, की क्लबिंगने कर वाढतो कुठे, पैसे नवऱ्याच्या नावावर असते तर जेवढा पडला असता तेवढाच पडतो. हे खरं आहे, आणि सरांच्या बाबतीतही खरं होतं. पण मुद्रांकाच्या एका टक्क्याने जो माणूस खरेदीखतावरचं नाव बदलतो, त्याला आयकराकडून काहीच कारण मिळत नसेल, उलट दोन फॉर्म, एक नोटीस आणि टीडीएसची भानगड मिळत असेल, तर तो पैसे कुणाच्या नावावर ठेवील?

ती भानगड काकींनी वर्षभर भोगली. सर सरळ माणूस, म्हणाले नियम असेल तसं करू. १५-जी दिला नाही. बँकेने चौदा हजार कापले, काकींच्या पॅनवर. उत्पन्न सरांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, म्हणजे कापलेल्या कराचं श्रेयही सरांना मिळायला हवं. त्यासाठी काकींनी बँकेला वेगळं लिहून द्यायचं असतं. मी मसुदा करून दिला. काउंटरवरच्या मुलीने असा अर्ज कधी पाहिलेला नव्हता. तिने तो साहेबांकडे नेला, साहेबांनी तो वरच्या ऑफिसात पाठवला, आणि काकी तीनदा हेलपाटे घालून आल्या. चौथ्यांदा मी स्वतः गेलो.

यंदा एप्रिलमध्ये काकी एकट्याच आल्या. गेल्या वर्षीचं व्याज, टीडीएस जाऊन हाती आलेले एक लाख सव्वीस हजार, त्यांनी खर्च न करता वेगळ्या पावतीत ठेवले होते, साडेसहा टक्क्यांनी. पावती पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली.

"ह्याचं व्याज कुणाचं रे?"

"तुमचं."

"पूर्ण?"

"पूर्ण. आठ हजार एकशे नव्वद."

त्यांनी पावती परत घेतली आणि सांगितलं, "ह्याची फाइल वेगळी कर. माझ्या नावाची."